चुंबकाची कुदळ आणि विभावरीवहिनींची पाटली

सुज्ञ वाचकहो, जमिनीतील धातू शोधण्यासाठी कुदळ कशी निवडावी, एका सज्जन गृहस्थाने मुद्दाम चुकीची कुदळ निवडण्याचा प्रयत्न का केला, आणि तो प्रयत्न इतरांच्या चांगुलपणामुळे कसा फसला, याचे साद्यंत वर्णन येथे करण्याचे योजिले आहे. घटना सन १९९८ च्या डिसेंबरातील असून दुबईत घडलेली आहे.

श्री. सूर्यकांत देवस्थळी हे देरा भागातील एका ट्रेडिंग कंपनीत नोकरीस होते. शुक्रवारी मराठी मंडळाची सहल हत्ता रस्त्यावरील वाळवंटात गेली असता त्यांच्या पत्नी सौ. विभावरी यांनी वांग्याच्या भरताचे पातेले वाळूने घासण्यासाठी उजव्या हातातील पाटली काढून ठेवली. पातेले लख्ख झाले. पाटली मात्र वाळूतच राहिली, हे घरी आल्यावर ध्यानात आले.

"अहो, माझी पाटली!"

"वाळवंटात गेली ना? मग खलास," सूर्यकांत म्हणाले. "वाळू एका जागी थोडीच राहते? आत्तापर्यंत ओमानला पोचली असेल."

"मम्मा, इट वॉज निअर द ट्री," आठ वर्षांची आभा म्हणाली. "आय सॉ इट."

"तू होमवर्क कर," सूर्यकांत म्हणाले.

येथे वाचकांस एक गुपित सांगणे भाग आहे. ती पाटली सोन्याची नव्हती. आठ वर्षांपूर्वी विभावरी प्रथमच दुबईस यायच्या होत्या. सोन्याच्या शहरात पत्नीचे स्वागत रिकाम्या हाताने कसे करावे, या विवंचनेत सूर्यकांतांनी देऱ्यातील नकली दागिन्यांच्या दुकानातून पाटल्यांची जोडी घेतली होती. "ऊपर सोने का पानी, अंदर लोहा," दुकानदाराने सांगितले होते. "कभी टेढा नहीं होगा. गॅरंटी." पुढे सवडीने खऱ्या पाटल्या घेऊन गुपचूप अदलाबदल करावी, असा त्यांचा प्रामाणिक बेत होता, परंतु दरवर्षी फ्रिज, शाळेचा प्रवेश, घरभाडे यांपैकी काही ना काही पुढे उभे राही. आश्चर्य असे की, आठ वर्षांत त्या पाटल्यांची झळाळी तसूभरही उणावली नाही. त्या दुकानदाराच्या सचोटीबद्दल सूर्यकांत मनोमन कृतज्ञ असत.

म्हणूनच पाटली वाळूत राहिली तर बरेच होईल, असे त्यांना वाटले. न जाणो, कोणी सोनाराला दाखवली तर! परंतु विभावरी स्वस्थ बसेनात.

"येत्या शुक्रवारी तिथेच मंडळाच्या स्पर्धा आहेत," त्या म्हणाल्या. "लिंबू-चमचा पळताना कुणाच्या पायाला लागली म्हणजे? त्याच्या आत सापडायलाच हवी."

शेजारच्या अपर्णाताईंनी माहिती पुरवली की, नासिर चौकाजवळ खैरुद्दीनशेठचे हत्यारांचे दुकान असून, डोंगरात सोने शोधायला जाणारे हौशी गोरे लोक तेथूनच सामान नेतात. शेठकडे धातू ओळखणारे यंत्रही आहे. सूर्यकांतांनी विचार केला, नाही म्हणावे तर संशय येईल. त्यापेक्षा वाळूत अजिबात चालणार नाही अशी कुदळ घ्यावी, तासभर घाम गाळावा आणि परत यावे.

दुकानात युसुफ नावाचा रत्नागिरीकडचा विक्रेता होता. मराठी कानी पडताच त्याच्या चेहऱ्यावर ईद आली.

"बोला साहेब, काय देऊ?"

"कुदळ. टोकदार, जड. खडक फोडायची."

"जमीन कशी आहे?"

"वाळू."

युसुफने उचललेली टोकदार कुदळ परत खाली ठेवली. "वाळूला टोक काय कामाचं साहेब? टोक जाईल आत आणि वाळू येईल परत खाली. तुम्हाला पात्याची पाहिजे, रुंद. आणि दांडा आखूड, म्हणजे गुडघ्यावर बसून ओढता येते. काय हरवलंय?"

"तंबूची खुंटी," सूर्यकांत म्हणाले.

"खुंटी कसली?" मागून विभावरी पुढे आल्या. "माझी सोन्याची पाटली हरवलीय, भाऊ!"

हे ऐकून गल्ल्यावरचे खैरुद्दीनशेठ चहाचा पेला ठेवून उठले. "भाभीजी का सोना? अरे युसुफ, मशीन निकाल! किराया नहीं चाहिए. और तू भी साथ जा, इनको चलाना नहीं आएगा."

"नको, नको, तुम्हाला कशाला त्रास!" सूर्यकांत कळवळून म्हणाले.

"त्रास कैसा? परदेस में आदमी आदमी के काम नहीं आएगा तो क्या ऊंट आएगा?"

युसुफने माळ्यावरून एक देखणी कुदळ काढली. रुंद पाते, आखूड दांडा, आणि माथ्यावर बसवलेला वाटोळा काळा चुंबक. "ही घ्या. पंचेचाळीस दिरहॅम."

"म्हणजे पाचशे रुपये!" सूर्यकांतांना आशेचा किरण दिसला. "फार होतात. आणि हा चुंबक कशाला?"

"वाळूत खिळे असतात, डब्यांची झाकणं असतात. मशीन त्यांनाही ओरडतं. मग चुंबक फिरवायचा, लोखंड तेवढं उचलून घेतो. सोनं त्याला शिवतसुद्धा नाही."

सूर्यकांतांच्या कपाळावर डिसेंबरात घाम आला. "बिनचुंबकाची नाही का?"

"आहे. पण ही जास्त चांगली."

"आम्हाला कमी चांगली चालेल!"

"साहेब," युसुफ दुखावून म्हणाला, "वहिनींच्या सोन्यासाठी मी कमी चांगली देईन का? तुम्ही आधी नुसती वापरून बघा. पटली तरच पैसे."

अशा रीतीने गुरुवारी अर्ध्या दिवसाची सुटी होताच देवस्थळी कुटुंब, युसुफ, यंत्र आणि कुदळ अशी मंडळी निघाली. सूर्यकांतांनी वाटेत दोनदा रस्ता चुकवला. आभाने दोन्ही वेळा तो बरोबर सांगितला.

झाडाखाली युसुफने यंत्र फिरवण्यास प्रारंभ केला. पीं! पेप्सीचे झाकण. पीं! दुसरे झाकण. पीं! सार्डिनचा डबा. प्रत्येक आवाजास सूर्यकांत छातीवर हात ठेवीत आणि झाकण निघाले की आकाशाकडे पाहत. चौथ्या खेपेस युसुफ आनंदाने ओरडला.

"साहेब, तुमची खुंटी मिळाली!"

खरोखरच ती तंबूची खुंटी होती. कोणाची, ते अद्याप कळलेले नाही.

"चला, यल्ला, मिळाली! निघू या," सूर्यकांत म्हणाले.

"इतक्यात कुठे? त्या बाजूला बघा हो, युसुफभाई. मी तिथेच बसले होते."

पीं! युसुफने गुडघे टेकले. पात्याचा एक ओढा, दुसरा ओढा. वाळू मोकळी झाली. मग सवयीप्रमाणे त्याने कुदळ उलटी धरून चुंबक फिरवला.

टक्!

कुदळ वर आली. तिच्या माथ्याला पाटली चिकटली होती, आणि सूर्य मावळतीला असल्यामुळे फारच सुंदर चमकत होती.

सूर्यकांत झाडाकडे असे पाहू लागले की जणू त्यावर काही लिहिलेले आहे. आपल्या हातून एका भल्या माणसाचा संसार उघडा पडला, हे युसुफला उमगले आणि त्याचे तोंड उघडेच राहिले.

विभावरींनी पाटली ओढून सोडवली, पदराने पुसली आणि हातात चढवली.

"काय जोराचा चुंबक आहे हो, युसुफभाई! सोनंसुद्धा ओढतो."

युसुफने चुंबक बाहीने पुसला. "हो वहिनी. जर्मन आहे."

"बट मम्मा, गोल्ड इझंट मॅग्नेटिक. आमच्या सायन्सच्या टीचरनी..."

"आभा, पाणी पी."

परतीच्या वाटेवर आभाला झोप लागली. मागच्या आसनावर युसुफ कुदळ मांडीवर घेऊन, आपण तेथे नाहीच असे भासवत होता. बऱ्याच वेळाने सूर्यकांत म्हणाले, "विभा, तुला एक सांगायचं होतं."

"आठ वर्षं झाली मला कळून."

गाडी थोडी डावीकडे गेली आणि पुन्हा सरळ झाली.

"पहिल्याच ऑगस्टात घामानं मनगटावर काळा वळ उठला," विभावरी शांतपणे म्हणाल्या. "दर दिवाळीच्या आधी देऱ्यात जाऊन पाणी चढवून आणते. तुम्हाला काय वाटलं, दुकानदाराची गॅरंटी?"

सूर्यकांतांना तसेच वाटले होते.

"मग... शोधायची एवढी घाई का केलीस?"

"उद्या मंडळातल्या कुणाला सापडली असती तर? चार जणींनी हातात घेऊन पाहिली असती. तुमचं नाव खराब झालं असतं अहो, देवस्थळींनी बायकोला लोखंड घातलं म्हणून. माझं काय, मला सवय आहे."

यावर सूर्यकांतांनी चष्मा काढून पुसला. गाडी चालवताना असे करू नये. परंतु त्या वेळी कोणी त्यांना टोकले नाही.

दुकानापुढे उतरल्यावर युसुफ यंत्र आणि कुदळ घेऊन आत निघाला. सूर्यकांतांनी त्याला थांबवले आणि पंचेचाळीस दिरहॅम काढून दिले. त्यांचे रुपये किती झाले, हे आयुष्यात प्रथमच त्यांनी मोठ्याने सांगितले नाही.

"कशाला साहेब? काम तर झालं. मी परत ठेवतो की."

"राहू दे, युसुफभाई," गाडीतून विभावरी म्हणाल्या. "कुदळ घरी असू दे. हे पुढचा दागिना आणतील तेव्हा लागेल."

वाचकहो, ती कुदळ विकणारा आगाऊ युसुफ म्हणजे मीच. पुढे तीन वर्षांनी देवस्थळीसाहेब नव्या पाटल्या घेऊन प्रथम माझ्याच काउंटरवर आले होते. चुंबकाने त्या पाटल्यांना ओळखसुद्धा दाखवली नाही. घरातले सारे दोघांकडून ऐकून, त्यांच्याच परवानगीने हे लिहिले आहे. परमुलखात ज्यांनी मला भाऊ म्हटले त्या वहिनींचे, यंत्राचे भाडे न घेणाऱ्या माझ्या शेठचे, आणि माझी ओबडधोबड वाक्ये येथवर वाचणाऱ्या आपणा सर्वांचे अंतःकरणपूर्वक आभार मानतो.

आपला नम्र,
युसुफ महमूद परकार
हत्यार विभाग, देरा, दुबई