पाचवी जात

"झालं! तुझ्या त्या मेल्या अळ्यांपायी राणीचा खांदा उघडा पडला!" आत्या ओरडली. ती नाटक कंपनीचे पोशाख शिवायची. राणीच्या झग्याला लावायच्या सोनेरी टिकल्यांची डबी तिच्या हातून सुटली आणि थेट भाचीच्या घमेल्यात पडली. हाताला लागल्या तेवढ्या टिकल्या तिने काढल्या आणि उरलेल्यांसाठी अळ्यांच्या नावाने बोटं मोडली.

घमेल्यात ओढ्याचं पाणी होतं आणि त्या पाण्यात भाचीचा सगळा प्रबंध वळवळत होता. ही अळी बोटाच्या पेराएवढी. अंगाभोवती नळीसारखं घर बांधते आणि ते ओढत हिंडते. गाइड सरांच्या पुस्तकात अशा अळ्यांच्या चार जाती होत्या: वाळूचं घर बांधणारी, काड्यांचं बांधणारी, पानांचं आणि शिंपल्यांचं. चौघींच्या नावात सरांचं आडनाव! भाचीचं म्हणणं एवढंच, की जात एकच आहे, जवळ जे मिळेल त्याचं ती घर बांधते.

"हे प्रकरण काढून टाका, मग सही करतो," सर म्हणाले होते.

"नाही काढणार."

"मग बसा घरी."

घरी बसायची तिची तयारी होती, प्रकरण काढायची नव्हती. हट्टी म्हणा हवं तर! खरं दिसत असताना खोटं लिहायचं, तर मग चिखलात गुडघाभर उभं राहायचं कशाला?

शेवटी सरांनी फर्मावलं, शनिवारी अळ्या घेऊन या, विभागप्रमुखांसमोर सोक्षमोक्ष लावू. त्या दिवशी उशीर झाला होता, म्हणून तिने आत न बघताच घमेल्यावर फडकं बांधलं आणि धावतपळत प्रयोगशाळा गाठली. फडकं सरांनीच सोडलं.

आत एक अळी सोन्याचा अंगरखा घालून फिरत होती.

"पाचवी!" सर किंचाळले. "पाचवी जात!"

"सर, ती—"

"तुम्ही गप्प बसा हो! घर वेगळं म्हणजे जात वेगळी, हेच कधीचं सांगतोय. ही अभ्रकाचं घर बांधते. दुसऱ्या कशाला तोंडसुद्धा लावायची नाही!"

"नाव काय देणार?" विभागप्रमुखांनी विचारलं.

"आडनाव तर चौघींना दिलं, आता माझं नावच द्यावं लागेल," सर लाजून म्हणाले.

भाचीने चिमट्याने तळाची एक टिकली उचलली आणि सरांच्या तळहातावर ठेवली. तिला मधोमध भोक होतं. "हे अभ्रक माझ्या आत्याच्या डबीतलं आहे, सर. राणीच्या झग्याचं. आणि ही अळी परवापर्यंत तुमची दुसरी जात होती, काड्यांची. नवं घर कशाचं बांधते ते बघायला मीच तिला जुन्यातून बाहेर काढलं."

विभागप्रमुखांनी चष्मा पुसला. "मग ती वाळूची?"

"वाळूत राहते म्हणून वाळूची."

"आणि शिंपल्यांची?"

"तिचंही तेच."

विभागप्रमुख खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. सरांनी टिकली उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली. भोक काही बुजेना.

"आज शनिवार," ते पुटपुटले. "सहीचं सोमवारी बघू."

"आजच बघा, सर," भाचीने प्रबंध त्यांच्यापुढे सरकवला. "सोमवारपर्यंत सहावी जात निघेल. आत्याकडे लाल टिकल्याही आहेत."

सरांनी पेनाचं टोपण काढलं.