ओटोसाहेबाचं द्राक्षासव

भिवपुरीच्या वीज केंद्राच्या क्वार्टर्समध्ये चौसष्ट साली इंग्रजी समजणारी दीड माणसं होती. एक मी, म्हणजे बुधाजी, स्टोअर्सचा कारकून. आणि अर्धे आमचे मोठे साहेब! त्यामुळे नवं टर्बाईन बसवायला स्वित्झर्लंडहून ओटोसाहेब आले, तेव्हा दुभाषा म्हणून माझीच नेमणूक झाली. दोन महिन्यांत साहेब आमच्या घरचाच झाला. आईच्या हातची तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खायचा, डोळ्यांतून पाणी काढायचा आणि पुन्हा मागायचा!

एका शुक्रवारी त्यानं माझ्या टेबलावर एक बाटली ठेवली. रेड वाईन! लेबलावर डोंगर, आणि डोंगरावर पायऱ्या-पायऱ्यांनी लावलेली द्राक्षं.

"माझ्या वडिलांची बाग. तुमच्या माथेरानपेक्षा उंच आहे," तो म्हणाला. "बर्फ वितळलं की माती खाली वाहून यायची. म्हातारा दरवर्षी ती पाठीवरून वर न्यायचा. या हिवाळ्यात गेला. त्याच्या हातची ही शेवटची बाटली. एकट्यानं उघडायचा धीर होत नाही. रविवारी तुझ्याकडे येतो. तू, मी आणि आई, तिघं मिळून उघडू."

मी "हो" म्हणून बसलो. आणि मग मला आई आठवली!

छप्पन्न साली दीक्षा घेतल्यापासून आमची आई, ठकूबाई, सकाळ-संध्याकाळ पंचशील म्हणते. पाचवं शील मद्य न पिण्याचं. सख्खा काका एकदा ताडी पिऊन आला, तर तिनं त्याला उंबऱ्यावरूनच भिवपुरी स्टेशन दाखवलं होतं. शिवाय राज्यात दारूबंदी! साहेबाकडे परवाना होता, माझ्याकडे फक्त शिक्षण.

पण शिकलेल्या माणसाला शब्दांची काय टंचाई? घरी जाऊन मी बाटली आईच्या हातात ठेवली.

"आई, हे द्राक्षासव! साहेबाच्या मुलखातलं. उद्या नाही, रविवारी घ्यायचं."

बघा, द्राक्षांचं ते द्राक्षासव. खोटं कुठे बोललो? उलट भाषांतर इतकं चोख साधलं की शनिवारी मी शीळ घालत ड्युटीवर गेलो.

एकच गोष्ट विसरलो. खोकला, अशक्तपणा, तोंडाला चव नसणं, कशावरही कर्जतचे वैद्य द्राक्षासवच देत!

संध्याकाळी परत आलो तर आमच्या दारात बायकांची रांग! प्रत्येकीच्या हातात वाटी. उंबऱ्यावर आई, हातात चमचा.

"आई! हे काय?"

"आरं, गोदूबाईचा खोकला दोन चमच्यांत बसला! मंग तिनं चंद्राबाईला सांगितलं, चंद्राबाईनं समद्यांना."

"पण बूच कुणी काढलं?"

"काढलं नाय, आत ढकललं!" शेजारचा काळूराम फिटर अभिमानानं म्हणाला. "त्याला आटेच नव्हते रं! पेचकस लावला नि दिला एक ठोका."

"आई, अगं ते साहेबाचं..."

"अवषदाला नाय म्हनू नये, बुधा. दोन चमचे आन् तेवढंच पानी. मोजून देतेय मी."

आता सांगणार काय? बावीस घरांना दारू पाजलीस, असं? मी रांगेतून वाट काढत घरात शिरलो.

रविवारी ओटोसाहेब आला. इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले, आणि वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेले तीन काचेचे ग्लास! ते ग्लास पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाटलीच्या तळाशी बोटभर वाईन होती आणि त्यात बूच पोहत होतं. मी समजावायला तोंड उघडलं, तर माझं सगळं इंग्रजी मला सोडून गेलेलं!

तेवढ्यात आई पुढे आली. "त्याचा बाप गेलाय म्हनलास ना. चेहरा बघ कसा सुकलाय. त्याच्यापुरतं ठेवलंय मी." तिनं वाटीत उरलेली वाईन ओतली आणि तेवढंच पाणी घातलं. पाणी पाहून साहेबाचे डोळे पांढरे झाले.

"आ कर!"

सहा फुटी माणसानं आ केला. दोन चमचे गिळून त्यानं डोळे मिटले. मग हळूच विचारलं, "बाकीची?"

मी सगळं सांगून टाकलं.

"काय म्हनतो?" आईनं विचारलं.

"बाकीचं कुठे गेलं विचारतोय."

"सांग त्याला, बावीस घरांच्या अंगी लागलं. पुन्य त्याच्या बापाला लागंल."

मी सांगितलं. साहेबानं हातांनी तोंड झाकलं, खांदे हलायला लागले. तो एकाच वेळी हसत होता आणि रडतही होता! "बुधाजी, म्हाताऱ्यानं जन्मभर वाईन केली. तिच्यासाठी रांग कधी लागली नव्हती!"

आणि उठून, आईपुढे वाकून, फिटर लोकांकडून उचललेल्या मराठीत तो खणखणीत आवाजात म्हणाला, "आई! माझ्या बापाची दारू! लई चांगली दारू!"

आईचा चमचा हवेतच राहिला.

"बुधा, काय म्हनला ह्यो?"

"आई, त्याला मराठी नीट येत नाही गं..."

"मला येतं!"

तिनं चमचा वाटीत ठेवला.

"पाचवं शील आमी नकळत मोडलं," ती शांतपणे म्हणाली. "पन खोटं न बोलन्याचं चौथं? ते तू जानूनबुजून मोडलंस." तिनं हात धुतले, मेणबत्ती लावली आणि आम्हा दोघांना बुद्धाच्या तसबिरीपुढे बसवून पंचशील म्हणवून घेतलं. साहेबानं हात जोडून शब्द न् शब्द म्हटला. मग मला म्हणाली, "ऊठ. बावीस घरं हायत. खरं सांगून ये."

मान खाली घालून मी दारोदार फिरलो. शिव्या खायची तयारी होती, पण कुणी रागावलंच नाही! गोदूबाईनं तोंडावर हात ठेवला, आत जाऊन पंचशील म्हटलं, आणि दाराशी येऊन हळूच म्हणाली, "पुन्यांदा नाय घेनार हां. पन बुधा, चव बाकी ग्वाड व्हती रं!"

आता लोक मला विचारतात, काय हो, एवढ्या उंच डोंगरावरची ती वाईन लागते तरी कशी? आमच्या क्वार्टर्समध्ये कुणालाही विचारा. मला सोडून!