आवाज कुठून कमी करायचा?

वडूजच्या नारायणराव शेट्यांनी आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता. कॉलेजात चौतीस वर्षं हेडक्लार्की केली तीही 'हो सर' एवढ्याच पट्टीत. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी कॉम्प्युटरला जोडायला एक अँप्लिफायर आणि कमरेइतक्या उंचीचे दोन स्पीकर आणले, आणि शांत घरात एक प्रश्न उभा राहिला. आवाज कुठून कमी करायचा?

नारायणरावांनी या विषयावर अकरा व्हिडिओ पाहिले होते. (त्यातले चार इंग्रजी होते, त्यामुळे ते जास्त पटले होते.)

"हे बघ," ते शकुंतलाबाईंना म्हणाले, "कॉम्प्युटरवरून आवाज कमी केला की तो नुसती आकडेमोड करून कमी करतो. त्यात बारीकसारीक सूर गळून जातात. म्हणून कॉम्प्युटर कायम शंभरावर. कमीजास्त करायचं ते अँप्लिफायरच्या गोल बटणानं. नळ असतो ना, तसं. पाणी तेच, धार तेवढी बारीक."

"अहो, कॉम्प्युटरची बटणं माझ्या बोटाखाली आहेत," शकुंतलाबाई म्हणाल्या. "तुमचा नळ कपाटाच्या वर. फोडणी गॅसवर ठेवून स्टुलावर चढू का?"

त्यांनी आपला मार्ग काढला. गोल बटण एकदाच उजवीकडे पार शेवटपर्यंत फिरवायचं, आणि मग कीबोर्डवरून पाहिजे तेवढा आवाज ठेवायचा. त्यांचं काम झालं की नारायणराव येऊन सगळं उलटं करून ठेवायचे. शंभर गुणिले थोडं किंवा थोडं गुणिले शंभर, उत्तर एकच येत होतं, म्हणून चार महिने घराच्या काचा शाबूत राहिल्या.

घरातला दुसरा वाद याहून जुना होता. घोरतं कोण? नारायणराव म्हणायचे, शकुंतलाबाई. झोपलेल्या माणसाला हे कसं कळतं असं त्यांना कुणी विचारलं नाही, कारण ते फार खात्रीनं सांगायचे. माहेरच्या लग्नाकार्यात सांगलीला गेल्या की शकुंतलाबाई बायकांच्या खोलीत न झोपता कोठीच्या दारात सतरंजी टाकायच्या. उगाच कुणाची झोपमोड नको.

शेवटी एका दुपारी जेवून नारायणराव आडवे झाले तेव्हा बाईंनी त्यांच्या उशीशी मोबाइल ठेवला आणि वीस मिनिटं रेकॉर्डिंग केलं. घरात दाखवून भांडण वाढवण्यापेक्षा कराडच्या डॉक्टरांना ऐकवू म्हणून ते कॉम्प्युटरवर ठेवलं. त्यांना तिथे एकच फोल्डर सापडायचं, गाण्यांचं. नाव दिलं, 'दुपार'.

त्याच आठवड्यात रविवारी सांगलीहून शकुंतलाबाईंचा धाकटा भाऊ वीरधवल आला. त्याला गाण्याचा कान होता.

"दाजी, ऐकवा की तुमचा अँप्लिफायर."

नारायणराव याचीच वाट बघत होते. कॉम्प्युटरवर आवाज आठावर होता. (सकाळी बाईंनी अळूवड्यांचा व्हिडिओ लावला होता.) त्यांनी तुच्छतेनं तो शंभरावर नेला. गोल बटणाकडे पाहिलंही नाही, कारण ते कुठे असायला हवं हे त्यांना माहीत होतं.

"काय ऐकणार? हे बघ, 'दुपार'. तू दिलेल्या पेनड्राइव्हमधलंच दिसतंय. दुपारचा राग असणार. आता आधी शांतता ऐक. ही शांतता तुला कीबोर्डवाल्यांकडे ऐकू यायची नाही."

खरोखरच शांतता होती. मग खोलवरून काहीतरी घुमू लागलं.

"खर्ज!" नारायणराव डोळे मिटून म्हणाले.

पुढच्या क्षणाला घर हादरलं. शोकेसमधल्या कपबशा जागेवरून सरकल्या, भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं आणि वीरधवल सोफ्यावरून उठून दारात गेला. आवाज आत जाताना दगड फोडत होता आणि बाहेर येताना शिट्टी मारत होता. नारायणराव स्टुलावर चढले. गोल बटण आधीच टोकाला होतं. घाबरून त्यांनी ते आणखी उजवीकडे पिळलं, तेव्हा ते उपटून त्यांच्या हातात आलं.

"अगं, कमी कर! कीबोर्डवरून कमी कर!"

शकुंतलाबाई पोह्यांचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. "सूर गळतील ना," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात स्पीकरमधून त्यांचाच आवाज गडगडला, "अहो, कुशीवर वळा." आणि त्याहून मोठ्यानं झोपाळू उत्तर आलं, "तूच घोरतेस!"

बाईंनी ट्रे ठेवला आणि एका बोटानं आवाज बंद केला. वीरधवल दारातून बहिणीकडे बघू लागला. त्याला कोठीच्या दारातली सतरंजी आठवत असावी.

बोलायला सवड मिळालीच नाही. शेजारच्या शालूबाई पदर खोचून अंगणात आल्या, मागून त्यांचा लेक अर्जुना.

"आवं तात्या, बोर मारताय व्हय?" शालूबाई कडाडल्या. "माज्या हिरीपास्नं वीस फुटांवर? उन्हाळ्यात माज्या जनावरांनी काय प्यायचं?"

"बोर नाही मारत, शालूबाई."

"मग मशीन कसलं वाजत हुतं? आमी भैरं न्हाई!"

अर्जुना परसात जाऊन खड्डा शोधून आला. "आये, गाडी गेली वाटतं. लय मोठी असणार."

नारायणरावांनी हातातल्या बटणाकडे पाहिलं. वडूजात विहिरीशेजारी बोर मारणाऱ्याशी लोक तीन पिढ्या बोलत नाहीत. आणि खरं सांगावं तर... त्यांनी मेहुण्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं.

"मी घोरत होतो," ते 'हो सर'च्या पट्टीत म्हणाले.

"मानूस असा घोरतो व्हय?" शालूबाईंना ते पटेना. शेवटी बाईंनी विसावर आवाज ठेवून पुन्हा ऐकवलं. शालूबाई उंबऱ्यावर बसून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग त्यांनी शकुंतलाबाईंच्या गालावरून हात फिरवला.

"बाय माजी! इतकी वर्सं ह्यात निजलीस?"

शकुंतलाबाई हसल्या, पण डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून नारायणरावांना कपाटाच्या वर जाऊन बसावंसं वाटलं. पंचवीस वर्षं ही आपलं घोरणं स्वतःच्या नावावर घेऊन माहेरी कोठीच्या दारात झोपत आली.

"मंगळवारी कराडला जाऊ," ते म्हणाले. "डॉक्टरकडे. मी येतो."

कराडच्या डॉक्टरीणबाईंनी कानाला हेडफोन लावून रेकॉर्डिंग ऐकलं. दोन मिनिटांनी त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"यात दोघं घोरतायत."

"बघा!" नारायणराव खुर्चीतून उठलेच. "मी काय म्हणत होतो? पंचवीस वर्षं सांगतोय!"

"थांबा." डॉक्टरीणबाईंनी मागे घेऊन पुन्हा ऐकलं. "नाही, एक नाकातून येतंय आणि एक घशातून. दोन्ही तुमचीच. यांचाही आवाज आहे म्हणा मधूनमधून," त्या शकुंतलाबाईंकडे बघून म्हणाल्या, "पण त्या जांभया आहेत."