साहेबांना दोनशे शहाऐंशी पत्रं

"रविवारच्या शिबिराची पत्रं या वेळी कॉम्प्युटर लिहिणार," असं कंपाउंडरने सांगितलं तेव्हा डॉक्टरबाई एका बोकडाला इंजेक्शन देत होत्या.

"कुणाचा कॉम्प्युटर?"

"आपलाच. प्रोग्रॅम मी केलाय."

इंजेक्शन बोकडाला होतं, पण दचकल्या डॉक्टरबाई.

त्यांचंही चुकत नव्हतं. जनावरांच्या त्या दवाखान्यात कंपाउंडर सव्वीस वर्षं होता आणि रेबीजच्या लसीची आठवणपत्रं दर वर्षी हाताने लिहीत होता. या वर्षी बाईंनी ते काम बाहेरच्या एका कंपनीला द्यायचं ठरवलं होतं. कंपाउंडरला ते फार लागलं. मुलगी कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती. तिच्याकडे एक सॉफ्टवेअर होतं. त्यात प्रोग्रॅम लिहायचा नाही, काढायचा. चौकोन काढायचे, बाण जोडायचे, आणि बटण दाबलं की ती आकृती चालायला लागते.

"बाबा, आधी क्लास करायचा," मुलगी म्हणाली. "क्लास म्हणजे कोरा केसपेपर. प्राण्याचं नाव, मालक, पत्ता, लसीची तारीख, एवढे रकाने. तो भरला की झाला ऑब्जेक्ट."

"म्हणजे मी सव्वीस वर्षं ऑब्जेक्टच भरतोय की!"

तिथून पुढे त्याला थांबवणं कठीण झालं. महिनाभर संध्याकाळी तो चौकोन जोडत बसला. दवाखान्याच्या रजिस्टरातले दोनशे शहाऐंशी प्राणी त्याने एका फाइलमध्ये उतरवले, एका ओळीत एक. प्रोग्रॅमने फाइल उघडायची, एकेक ओळ वाचायची, प्राणी तयार करून यादीत घालायचा, आणि शेवटी यादीतल्या प्रत्येकासाठी पत्र करून दुसऱ्या फाइलमध्ये ठेवायचं. आकृती पूर्ण झाली तेव्हा ती पडद्यावर मावेना. कंपाउंडरला याचाच जास्त अभिमान वाटला.

"चारपाच ओळींवर चालवून बघा हं," मुलीने बजावलं.

त्याने एका ओळीवर चालवून बघितलं. पत्र अगदी बिनचूक आलं. एक बरोबर आलं म्हणजे बाकीची येणारच, असा विचार करून त्याने पूर्ण फाइल चालवली, आलेली पत्रं न उघडता पेन ड्राइव्हवर घेतली आणि सोमवारी छापखान्यात दिली. छापणं, घड्या घालणं, पत्ता चिकटवणं, पोस्टात टाकणं, सगळं छापखानेवालाच करणार होता.

गुरुवारी दुपारी दवाखान्यात फोन वाजला. पलीकडे एक बाई होत्या. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, त्यामुळे आवाज अजून खणखणीत.

"खरं काय ते सांगा. माझ्या साहेबाला काय झालंय?"

साहेब हा त्यांचा बोका.

"काही नाही हो, ताई. रविवारी लस आहे फक्त. पत्र मिळालं ना?"

"मिळालं. दोनशे शहाऐंशी वेळा मिळालं! पोस्टमनने गोणी आणून ओटीवर ओतली. साधी लस असती तर तुम्ही एक पत्र पाठवलं असतं. बोका समोर बसलाय, तोंड उघडून बघतोय माझ्याकडे. तो पिसाळलाय का?"

"जांभई देत असेल, ताई."

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही फोनवर आहात!"

कंपाउंडरने फोन ठेवला. मग त्याने छापखान्यात फोन लावला. "अहो, सगळ्या पत्रांवर एकच नाव होतं, तुमच्या लक्षात नाही आलं?"

"आलं की," छापखानेवाला म्हणाला. "मला वाटलं, कुणी मोठे साहेब असतील. गिऱ्हाईकाला प्रश्न विचारायचे नाहीत, असं आमचं धोरण आहे."

मुलगी परीक्षेला गेली होती. तिचा फोन बंद. डॉक्टरबाई एका म्हशीकडे गेल्या होत्या, त्या तासाभरात परतणार होत्या. दवाखान्याच्या फ्रिजमध्ये तीनशे डोस येऊन पडले होते आणि रविवारी येणार होता एक बोका. कंपाउंडरने कॉम्प्युटर सुरू केला. सॉफ्टवेअरमध्ये एकेक पाऊल चालवायची सोय होती. दर पावलाला तो तो चौकोन उजळायचा. त्याने पडद्यावर बोट ठेवलं आणि बाणामागून चालू लागला.

फाइल उघडली. नवा प्राणी तयार झाला. पहिली ओळ वाचली, नाव भरलं, यादीत घातलं. बाण वळून वर गेला, दुसऱ्या फेरीला. दुसरी ओळ वाचली, नाव भरलं, आणि यादीतलं पहिलं नावही बदललं! कंपाउंडरने चष्मा पुसला. तिसरी ओळ वाचल्यावर तिन्ही नावं तिसरी झाली.

मग त्याला दिसलं. 'नवा प्राणी' हा चौकोन फेरीच्या बाहेर, वरच राहिला होता. म्हणजे प्रोग्रॅमने केसपेपर घेतला होता एकच. दर वेळी आधीचं नाव खोडून त्यावरच नवं लिहिलं होतं, आणि तोच कागद दोनशे शहाऐंशी वेळा फाइलला लावला होता. रजिस्टरात शेवटची ओळ साहेबाची होती, म्हणून शेवटी सगळे प्राणी साहेब झाले.

त्याने तो चौकोन उचलून फेरीच्या आत ठेवला. चार बोटं खाली, बस्स. पुन्हा चालवलं. कुत्री कुत्र्यांच्या जागी गेली, मांजरं मांजरांच्या. एकटा असूनही कंपाउंडर मोठ्याने म्हणाला, "वा रे पठ्ठ्या!"

पण छापखान्यातून नवी पत्रं आता सोमवारच्या आधी निघणार नव्हती. डॉक्टरबाई आल्यावर त्याने सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही; चौकोनसुद्धा दाखवला.

"थोडक्यात," बाई म्हणाल्या, "रविवारी कुणीही येणार नाही."

"साहेब येईल."

बाईंनी टेबलाच्या खणातून त्या कंपनीचं कार्ड काढून समोर ठेवलं.

रविवारी सकाळी कंपाउंडर दुरुस्त यादीची छापील प्रत घेऊन खाली मान घालून निघाला. दवाखान्याच्या कोपऱ्यावर त्याला आधी भुंकणं ऐकू आलं. मग रांग दिसली. रांग फाटकातून निघून रस्ताभर गेली होती. टोपल्यांत मांजरं, दोरीला कुत्री, एका आजोबांच्या स्वेटरमध्ये पिल्लू.

झालं होतं ते असं. गोणीभर पत्रं आल्याचं टेलिफोनवाल्या बाईंनी शेजारणीला सांगितलं होतं. शेजारणीने पलीकडच्या गल्लीत सांगताना त्यात 'सरकारी' हा शब्द घातला. शनिवारपर्यंत बातमी अशी झाली, की गावात एक बोका पिसाळलाय आणि दवाखान्याने त्याला दोनशे शहाऐंशी नोटिसा पाठवल्यात. ज्यांच्या प्राण्यांची दवाखान्यात कधी नोंदही नव्हती, ते सगळ्यांत पुढे उभे होते. ज्याच्यामुळे हे सगळं घडलं तो साहेब टोपलीत गाढ झोपला होता आणि त्याच्या भोवतीची दहा फूट जागा लोकांनी रिकामी सोडली होती.

"आता ही गर्दी आवरायची कशी?" डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला.

कंपाउंडरने यादी उघडली. नावं वर्णानुक्रमे लावलेली, पुढे मागच्या लसीची तारीख. जुने एका बाजूला, नवे दुसऱ्या बाजूला. तो खड्या आवाजात एकेक नाव पुकारू लागला, आणि प्रत्येक नावाला त्याच नावाचा प्राणी पुढे येऊ लागला. दुपारी तीनशे डोस संपले. शेजारच्या दवाखान्यातून आणखी मागवावे लागले. संध्याकाळी आकडा लागला चारशे एकतीस.

"सव्वीस वर्षांत दोनशेच्या वर कधी गेलो नव्हतो," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी ते कार्ड फाडलं. "पण त्यात तुमच्या प्रोग्रॅमचा हात किती, ते मला अजून कळलं नाही."

"पत्रांमध्ये चुकीचा, यादीमध्ये बरोबर," कंपाउंडर ताठ मानेने म्हणाला.

पुढच्या आठवड्यात मुलगी कॉलेजातून आली ती हसतच.

"बाबा, आज सरांनी वर्गात विचारलं, ऑब्जेक्ट फेरीच्या बाहेर तयार केला तर काय होतं? कुणालाच नीट सांगता येईना. मी उठून तुमची सगळी गोष्ट सांगितली. पूर्ण वर्ग हसून हसून लोळला. सर म्हणाले, आता ही चूक मी दर वर्षी अशीच शिकवणार."

कंपाउंडरचा चेहरा गंभीर झाला. त्याने पेपर बाजूला ठेवला.

"चूक कुणाची ते सांगितलंस?"

"हो..." मुलगी जरा चाचरली. "सांगितलं, माझ्या बाबांची."

"पूर्ण नाव सांगितलंस?"

"नाही."

"मग उद्या सांग," कंपाउंडर म्हणाला. "आणि सरांना म्हणावं, फळ्यावर लिहिताना आडनावातली वेलांटी दीर्घ आहे."