संकट घेणारे मासे

घरावर संकट येणार हे ठरलेलेच असते; ते घरातल्या कोणी घ्यायचे, एवढाच प्रश्न उरतो. नव्वदच्या सुमारास नवीन पनवेलमधल्या सुशिक्षित कुटुंबांनी हा प्रश्न टीव्हीशेजारी काचेची पेटी ठेवून सोडवला. पेटीत मासे सोडायचे. मासा मेला की त्याने घरावरचे संकट स्वतःवर घेतले, असे समजायचे.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी उदयसिंह (नोकरी न्हावा शेवा बंदरात, साहेब फक्त घरी) यांचे मासे फार कर्तव्यदक्ष होते. स्कूटर घसरली, मासा गेला. बदली टळली, मासा गेला. (स्कूटर आधी घसरली की मासा आधी गेला, हे विचारणे असभ्य मानले जाई.)

त्यांच्या घरी पाहुणा आला की त्याच्या हातून माशांना खाऊ घालण्याची रीत होती. आपल्याकडे आग्रह असतोच, आणि माशाला ताटावर हात आडवा धरता येत नाही. उरलेले खाणे तळाशी कुजे. पाणी आधी गढूळ, मग हिरवे झाले, आणि शेवटी त्याला वास आला. पाहुणे म्हणत, "वा! अगदी तळ्यासारखं वाटतं."

मासे विकणारा तौसीफ दर खेपेला सांगे, "साहेब, खाणं चिमूटभर टाका, आठवड्याला थोडं पाणी बदला." दुकानदार स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतो म्हणजे काहीतरी डाव असणार, हे साहेबांनी ओळखले होते.

शेवटी ठमी नावाची एकच मासोळी उरली. ती वर येऊन तोंड उघडझाप करू लागली, तेव्हा साहेबांच्या पत्नी अरुंधतीवहिनी पेटीपाशी आल्या.

"अहो, बाकीच्यांना संकटानं नाही, घाणीनं मारलंय. निदान हिच्यासाठी तरी पाणी बदला."

"आणि ठमी जगली तर संकट कोणी घ्यायचं? आपल्या आभानं? दहावीचं वर्ष आहे तिचं!"

वहिनींनी नळाचे पाणी बादलीत भरून रात्रभर ठेवले. सकाळी तळाशी बोटभर चिखल आणि त्यात वळवळणारी एक अळी. वहिनींनी वरचे पाणी फडक्यातून गाळून त्यात ठमीला सोडले, आणि चिखल उरलेली बादली घेऊन नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. "हेच पितोय आपण. गच्चीवरची टाकी कधी धुतली होती?"

तातडीची सभा भरली. टाकी इमारतीइतकीच जुनी आणि ती धुण्याची कल्पना मात्र आजचीच, असे निष्पन्न झाले. सगळे गंभीर झाले. तेवढ्यात कोणीतरी म्हणाले, "दुसऱ्या मजल्यावरच्या धर्मराजांना कावीळ झालीय म्हणे."

"म्हणजे इमारतीवरचं त्यांनी घेतलं," साहेब हळूच म्हणाले. सभेला हायसे वाटले. टाकीचा विषय सर्वानुमते मागे घेण्यात आला.

ठमी पुढे टुणटुणीत झाली. तिचे पाणी वहिनी रोज गाळत.

तुमच्या इमारतीत सध्या कोणी आजारी असेल, तर तुम्ही निर्धास्त पाणी प्या. कोणीच नसेल, तर आरशात पाहून एकदा तोंड उघडझाप करून बघा.