अंगातला कालवा

आमच्या शेजारच्या बाबारावमामांना भेटायचं म्हणजे एक हात त्यांच्या हवाली करावा लागतो. "जय भीम, सर" म्हणता म्हणता ते आपलं मनगट धरतात, डोळे मिटतात आणि फाटकातच उभे राहतात. आपणही उभं राहायचं, दुसऱ्या हातातली भाजीची पिशवी कितीही जड झाली तरी. मग डोळे उघडून निकाल देतात, "चालू हाय पाणी. जा."

मामा परभणीत राहायला आले ते निवृत्त झाल्यावर. त्याआधी सगळी नोकरी पूर्णेच्या कालव्यावर पाटकरी म्हणून झाली. कोणत्या चारीला कधी पाणी सोडायचं, कोणाचं दार कधी लावायचं, हे बघणारा माणूस. नोकरी संपली, पण कालवा काही सुटला नाही. आता ते माणसांच्या अंगातला कालवा बघतात.

मी शाळेत विज्ञान शिकवतो, हे माझं दुर्दैव. नववीला रक्ताभिसरण शिकवून थकून घरी यावं, तर कुंपणापलीकडे मामा तयार.

"काळीज म्हंजी पंप एक का दोन?"

"एक," मी म्हणालो.

"कशाचे सर तुमी! एकाला एक लागून दोन हायत. उजवा फुफ्फुसाकडं ढकलतो, हवा भरून आणायला. डावा समद्या शिवाराला."

धमन्या म्हणजे मोठा कालवा, केशवाहिन्या म्हणजे शेवटच्या सऱ्या, आणि शिरांमध्ये झडपा, "पाणी मागं फिरू नये म्हून." वाईट एवढंच की सगळं बरोबर असतं. परवा वर्गात माझ्याही तोंडून "शिवार" निघून गेलं आणि पोरांनी ते वहीत उतरवून घेतलं.

खरं सांगायचं तर मला हे आवडतं. दुपारी लिंबाखाली मनगट धरून ते संथ आवाजात बोलायला लागले की माझे डोळे जड होतात. वाटतं, आपण कालव्याच्या काठावर आडवे झालोय आणि कानाजवळून पाणी चाललंय. कुठल्या तरी लांबच्या वावराला ते भिजवणार आहे. थोड्या वेळानं ध्यानात येतं, हे तर आपल्याच आतून चाललंय. मग आपल्या अंगाबद्दल उगाच माया वाटायला लागते.

पण मामांचा खरा जीव रक्तात नाही, लसीकेत आहे.

"रगत काय, समद्यान्ला दिसतंय. ह्या दुसऱ्या पाण्याकडं कुणी बगंना."

केशवाहिन्यांतून बाहेर पाझरलेलं पाणी गोळा करायचं आणि गळ्याखालच्या शिरेत परत आणून सोडायचं, हे त्या बारीक वाहिन्यांचं काम. त्यांना काळजासारखा पंप नाही. हातपाय हलले, श्वास घेतला, की पाणी पुढे सरकतं. "बिगर मोटारीचा चर हाय तो," मामा कौतुकानं म्हणतात. वाटेत काखेत, जांघेत, मानेला गाठींच्या चौक्या. गल्लीत कोणाला पायाच्या जखमेनं जांघेत अवधाण येऊन गाठ सुजली की मामांना फार आनंद होतो. "चौकीवर चोर धरलाय, गाठ फुगणारच! पन दवाखान्यात जाऊन या."

हे वेड आलं कुठून, ते मला गेल्या महिन्यात कळलं. शांतामामींनीच सांगितलं, हसत हसत. मामा तेवढ्यात उठून बाहेर गेले.

मामींच्या छातीत गाठ निघाली होती. ऑपरेशनमध्ये उजव्या काखेतल्या गाठीही काढाव्या लागल्या. काही महिन्यांनी तो हात सुजायला लागला. मामांनी पाटकऱ्याच्या नजरेनं बघितलं. पाणी जास्त यायलंय, म्हणजे वरचं दार लावायला पाहिजे. त्यांनी मामींच्या दंडाला फडकं करकचून बांधलं. दोन दिवसांत हाताचा दुधीभोपळा झाला. डॉक्टर खूप रागावले. येणारं पाणी बरोबर होतं, जाणारी वाट तुटली होती, आणि उरलीसुरली मामांनी आवळून टाकली होती. मग दवाखान्यातल्या बाईंनी सूज हलक्या हातानं वर कशी सरकवायची ते शिकवलं.

रविवारी दुपारी मी सहज त्यांच्याकडे गेलो. मामी खाटेवर डोळे मिटून पडल्या होत्या, हात उशीवर होता. मामा बोटांनी पाणी सारत होते. आधी गळ्यापाशी, मग खांदा, मग दंड. नुसती कातडी सरकावी एवढंच. पडद्यातून पिवळसर उजेड येत होता, पंखा हळू फिरत होता. मी दारातच थांबलो.

"आदी वरली वाट मोकळी करायची, सर," मामा हळूच म्हणाले. "खालूनच ढकललं तर तुंबतंय."

"सूज बरीच उतरली की, मामा."

त्यांनी दंडावरून आणखी एकदा बोटं फिरवली. मग म्हणाले, "फडकं मी बांधलं. दोन दिस ठणकत व्हतं तिला. तोंडातून शबुद काढला न्हाई. कामून, तर तिला वाटलं, ह्यान्ला पाण्यातलं कळतंय." त्यांची बोटं थांबली. "जलमभर पाणी राखलं म्हून इश्वास ठिवला वो तिनं माझ्यावर."

 

मामींनी डोळे उघडले नाहीत. फक्त हात थोडा त्यांच्याकडे सरकवला.

"आता बी हाय की इश्वास," त्या म्हणाल्या. "कोपरापाशी राह्यलंय बगा अजून."