रोहिदास जर्मन ऐकतो

बोनकोड्याच्या रोहिदासने फोनोला तेल द्यायचं ठरवलं, एवढंच निमित्त झालं.

खाडी ओलांडून तो कॉलेजात जायचा आणि तिथे त्याने जर्मन घेतलं होतं. पुस्तकातलं जर्मन तो घडाघडा वाची, पण कोणी ते बोलू लागलं की त्याच्या डोक्यात अंधार होई. परीक्षेत तर रेकॉर्ड ऐकून तोंडी उत्तरं द्यायची होती. नापास झाला, तर सासऱ्यांच्या मासळीच्या धंद्यात जाणं ठरलेलं होतं. (रोहिदासला मासळी ताटात आल्यावरच आवडायची.)

सरांनी सरावाला एक रेकॉर्ड दिली. चावीचा फोनो, म्हणजे ग्रामोफोन, त्याच्या बायकोचा, दमयंतीचा, माहेरून आलेला. खरखर नको म्हणून रोहिदासने तो उघडला, खोबरेल घातलं आणि बंद केला. चामड्याचा एक तुकडा तेवढा बाहेर राहिला.

"ह्यो कुठला?" दमयंतीने विचारलं.

"जास्तीचा हाय," रोहिदास म्हणाला.

रेकॉर्ड लावली, तर तबकडी गरगरू लागली आणि आतला भारदस्त जर्मन गृहस्थ चिमणीसारखा चिवचिवू लागला. दमयंतीच्या भजनांचीही तीच गत. तो तुकडा म्हणजे फोनोचा ब्रेक, हे लक्षात येईपर्यंत मांजराने तो खोबरेलासकट पळवला होता. दमयंतीने अबोला धरला.

दुरुस्तीला वेळ नव्हता. रोहिदास तसाच कान लावून बसू लागला. आधी शब्द सुटे झाले, मग वाक्यं, आणि शेवटी तो त्याच सुरात उत्तरंही देऊ लागला. शेजारच्या शेवंताबाईंनी काळजीने अंगारा पाठवला.

परीक्षेला बाहेरचे तपासनीस पडद्याआड बसले होते. नुसत्या आवाजावर गुण द्यायचे होते. रेकॉर्ड सुरू झाली. बाकीच्यांना घाम फुटला. रोहिदासला मात्र तो जर्मन जेवून पान चघळत बोलतोय असं वाटलं. प्रत्येक शब्द कळला. वाक्याच्या शेवटी येणारं क्रियापद येईस्तोवर तर त्याने खिडकीबाहेरही पाहून घेतलं. सरावातल्या त्याच चिवचिवत्या सुरात त्याने एकूण एक उत्तर बिनचूक दिलं. पडद्याआडून तपासनीसांनी टाळ्या वाजवल्या.

निकाल घेऊन रोहिदास घरी आला, तेव्हा दमयंतीने अबोला सोडून जिताड्याचं कालवण वाढलं.

"पयला नंबर आला," रोहिदास म्हणाला.

"सगल्या पोरांत?"

रोहिदासने काटा काढायला जरा वेळ घेतला.

"नाय. पोरींत."